ड्रोनला काय बांधावे, किती बांधावे

शोध आणि बचावकार्यातील ड्रोनच्या वापराविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली आणि त्यांतल्या बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे निघाला: ड्रोन तर घेतला, आता त्याला काय जोडता येईल? कोणाला जीवरक्षक कडे टांगायचे आहे, कोणाला भोंगा, कोणाला दोर, तर एका उत्साही मित्राला हे सर्व एकाच वेळी. त्या मित्राला स्वतंत्र उत्तर दिलेले नाही. पुढील उत्तरे वाचल्यावर आपल्या ड्रोनचे वजन किती आणि आपण त्यावर किती लादू पाहत होतो, याचा हिशेब त्याने स्वतःच मांडावा. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाने वर्गणी काढून सुमारे ९०० ग्रॅम वजनाचा कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर पर्यटक बुडण्याचे प्रसंग येतात. ड्रोनखाली जीवरक्षक कडे बांधून ते बुडणाऱ्या माणसापाशी सोडता येईल काय? (एक कार्यकर्ता, हर्णै परिसर)

उत्तर : अखंड कडे नेता येणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. जहाजावर टांगलेले नारिंगी कडे सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ नियमांप्रमाणे किमान अडीच किलो वजनाचे असावे लागते. म्हणजे ते आपल्या ड्रोनच्या जवळजवळ तिप्पट भरते. त्याला पर्याय दोन आहेत.

पहिला पर्याय पाण्यात पडताच आपोआप फुगणाऱ्या नळीचा. घडी केली की ती पाण्याच्या बाटलीएवढी होते आणि तिचे वजन साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइडचे छोटे नळकांडे आणि पाण्यात विरघळणारी एक गोळी किंवा कागदी चकती असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते, सुई नळकांड्याला भोक पाडते आणि नळी काही सेकंदांत फुगते. कोकणात काळजी करायची ती या गोळीची. जून ते सप्टेंबर या काळात इथली हवाच इतकी ओली असते, की डब्यातले पापड सादळतात तशी ही गोळीही कपाटात बसल्या जागी सादळते, आणि मग नळी एक तर कपाटात फुगते, नाही तर भुरभुर पावसात ड्रोनखाली टांगलेली असतानाच फुगते. हवेत फुगलेली नळी म्हणजे ड्रोनखाली बांधलेले शीडच. गोळ्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात, त्यांच्यावरची मुदत पाहावी आणि पावसाळा संपला की मुदतीची वाट न पाहता बदलाव्यात.

दुसरा पर्याय अगदी घरगुती आहे. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन स्वतः दोन-अडीचशे ग्रॅमचा असतो आणि पाण्यात जवळजवळ पाच किलोचा उचल देतो. छातीशी धरून शांत राहिलेल्या प्रौढ माणसाचे तोंड पाण्यावर ठेवायला एवढा आधार पुरतो. घाबरून हातपाय मारणाऱ्याला मात्र तो अपुरा पडेल. कॅनचा दोष असा की तो हलका आणि फुगीर असल्याने वाऱ्यात फार झोकांड्या खातो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका किनाऱ्यावर आम्ही दीड मीटर दोरीला कॅन बांधून सरावासाठी ड्रोन उडवला. पहिली अडचण अशी झाली की कॅन लोलकासारखा झुलू लागला, ड्रोन त्याला सावरायला उलट बाजूस झुकू लागला आणि दोघांची झुंज लागली. दुसरी अडचण अनपेक्षित होती. ड्रोनच्या पोटाखाली जमिनीचे अंतर मोजणारे सेन्सर असतात. त्यांच्यासमोर झुलत येणारा कॅन म्हणजेच जमीन, असा त्यांचा समज झाला आणि उतरवण्याचा आदेश देऊनही ड्रोन खाली येईना. शेवटी बॅटरी संपत आल्यावर त्याला पुळणीतच कसाबसा टेकवला, त्यात एक पाते गेले. तेव्हापासून आम्ही दोरी एक तर वीतभर ठेवतो, म्हणजे झोका बसत नाही, किंवा चांगली चार-पाच मीटर ठेवतो, म्हणजे वस्तू सेन्सरपासून दूर राहते. मधली लांबी सर्वांत वाईट.

वस्तू माणसाच्या डोक्यावर सोडू नये. फार उंचावरून सोडली तर वारा ती भलतीकडे नेतो, फार खालून सोडली तर पंख्यांच्या वाऱ्याने उडणारे तुषार बुडणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. पाच ते आठ मीटर उंचीवरून, वारा आणि प्रवाह ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला, माणसापासून थोडे अंतर ठेवून सोडावी आणि तिला आठ-दहा मीटर तरंगणारी दोरी जोडावी, म्हणजे वस्तू हुकली तरी दोरी त्याच्या हाताशी वाहत येते.

ही कल्पना हवेतली नाही. १८ जानेवारी २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील लेनॉक्स हेड येथे लाटांत अडकलेल्या दोन किशोरवयीन मुलांकडे जीवरक्षकांनी ड्रोनमधून फुगणारी नळी टाकली आणि तिच्या आधाराने ती दोघे किनाऱ्याला लागली. उड्डाणापासून नळी पडेपर्यंत सुमारे सत्तर सेकंद लागले. मात्र तो ड्रोन आपल्या ड्रोनपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि किनाऱ्यावर जीवरक्षक आधीपासून हजर होते. आपल्याकडे ड्रोन उडाला त्याच क्षणी दुसऱ्या कोणी होडीवाल्याला हाक मारलेली असली पाहिजे. कॅन धरून तरंगणारा माणूस ओहोटीबरोबर आत जातच राहतो. त्याला बाहेर काढायला होडीच लागते.

प्रश्न : वस्तू सोडण्याचा ड्रॉपर बाजारातून घ्यावा, की ३डी प्रिंटरवर घरी बनवावा? (एक इलेक्ट्रिशियन, मालवण)

उत्तर : बाजारातले अनेक स्वस्त ड्रॉपर ड्रोनच्या खालच्या दिव्यावर चालतात. दिवा लावला की ड्रॉपरवरचा प्रकाश ओळखणारा सेन्सर जागा होतो आणि खिटी मागे सरकते. युक्ती सोपी आहे, पण तो सेन्सर प्रकाश ओळखतो, प्रकाश कोणाचा हे ओळखत नाही. समुद्रावरून परावर्तित झालेले दुपारचे ऊन तिरपे वर येते, त्यामुळे सेन्सर आणि दिवा यांच्याभोवती काळी फोमची पट्टी चिकटवून घ्यावी आणि भर उन्हात, किनाऱ्यावर, दहा वेळा रिकामी चाचणी करावी.

घरी बनवायचा असेल तर पीएलए प्लास्टिक वापरू नका. ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तेवढी उष्णता सहज होते. खिटी वाकली की ती सुटायची तेव्हा सुटत नाही. पीईटीजी किंवा एएसए ही अधिक उष्णता सोसणारी प्लास्टिके वापरावीत. लोखंडी स्क्रू व चुंबक ड्रोनच्या होकायंत्रापासून दूर ठेवावेत. भार ड्रोनच्या बरोबर मध्यावर यायला हवा. तो बोटभर पुढे-मागे झाला तरी दोन मोटरींवर कायमचा ताण येतो आणि त्या तापतात.

प्रश्न : थर्मल कॅमेरा लावल्यास रात्री समुद्रात किंवा रानात हरवलेला माणूस दिसतो, असे ऐकले. त्यासाठी पैसे घालावेत का? (एक निवृत्त शिक्षक, देवगड)

उत्तर : गुरुजी, रानासाठी घालावेत, समुद्रासाठी घालण्यापूर्वी हिशेब करावा. थर्मल कॅमेरा वस्तूच्या पृष्ठभागाची उष्णता पाहतो आणि पाणी त्या किरणांना बोटभरही आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे पाण्यातल्या माणसाचे केवळ डोके आणि कधी खांदे दिसतात. तेही सतत भिजत असल्याने त्यांचे तापमान पाण्याच्या जवळ येते. आपला समुद्र थंड नाही. थंड देशांच्या समुद्रात डोके काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसते, आपल्याकडे फरक थोडाच राहतो.

आता गणित. कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ६४० ठिपके आहेत आणि त्याची नजर ५० अंश रुंद आहे असे धरू. ६० मीटर उंचीवरून तो जवळजवळ ५६ मीटर रुंदीची पट्टी पाहतो, म्हणजे एका ठिपक्यात सुमारे नऊ सेंटीमीटर मावतात आणि माणसाचे डोके दोन ठिपक्यांचे होते. दोन ठिपक्यांवरून डोके, बोया आणि तरंगता नारळ यांत फरक करणे कोणालाही शक्य नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत तर विचारूच नका. उंची ३० मीटरवर आणली तर डोके चार-पाच ठिपक्यांचे होते, पण पट्टी २८ मीटरच उरते. शेजारच्या पट्ट्या थोड्या एकमेकींवर चढवल्या तर किलोमीटरभर लांब आणि तीनशे मीटर रुंद पाण्यासाठी चौदा फेऱ्या, म्हणजे चौदा किलोमीटरचे उड्डाण होते. सेकंदाला पाच मीटर या वेगाने त्याला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागेल आणि किमान दोन-तीन बॅटऱ्या खर्ची पडतील. नांगरणाऱ्याने तास सोडून चालत नाही, तशी इथेही एकही पट्टी सुटता कामा नये. म्हणूनच कुठून सुरुवात करायची हे ठरवायला भरती-ओहोटीची वेळ आणि प्रवाहाची दिशा जाणणारा गावचा एखादा जुना तांडेल उड्डाण करणाऱ्याच्या शेजारी उभा असावा. त्याच्या एका बोटाने दाखवलेल्या दिशेमुळे निम्मा हिशेब वाचतो.

रानातली गोष्ट वेगळी आहे. तिथे माणूस ऊबदार आणि पार्श्वभूमी थंड, हा फरक मिळतो. अट एवढीच, की वेळ नीट निवडावी. आपल्या सड्यावरचा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो, त्यामुळे संध्याकाळी सबंध सडाच पडद्यावर उजळलेला दिसतो. पहाटे चार ते सूर्योदय ही वेळ सर्वांत चांगली. दाट पानांखाली मात्र काही दिसत नाही. आंब्याच्या जुन्या बागेत किंवा करवंदीच्या जाळीत बसलेला माणूस सुटू शकतो, म्हणून एकच जागा दोन-तीन कोनांतून पाहावी. आणि मृत देह काही तासांत भोवतालच्या तापमानाला येतो, हेही जड मनाने लक्षात ठेवावे लागते.

दिवसा साधा कॅमेराच अधिक कामाचा आहे. त्याला ध्रुवीकरण करणारी काच लावली आणि सूर्य पाठीशी ठेवला तर पाण्यावरची चकाकी बरीच कमी होते. ही काच काही ग्रॅमचीच असते. या सदरात सुचवलेली सर्वांत स्वस्त जोड तीच.

प्रश्न : पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा खरी गरज असते तेव्हा, ड्रोन चालतो का? (एक ग्रामपंचायत सदस्य, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : बहुतेक छोटे ड्रोन ताशी ३६ ते ४३ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसू शकतात, असे त्यांच्या माहितीपत्रकात दिलेले असते. हा आकडा मोकळ्या ड्रोनचा आहे, खाली काही टांगलेल्याचा नाही. ३ जून २०२० रोजी आपल्या तालुक्याने ‘निसर्ग’ वादळ सोसले आहे. तसल्या दिवशी ड्रोनची पेटी उघडूही नये. पण पावसाळा म्हणजे सलग वादळ नव्हे. दोन सरींमध्ये अर्ध्या तासाची उघडीप मिळते आणि तेवढ्यात बरेच पाहून होते. त्यासाठी बॅटऱ्या भरलेल्या आणि माणूस तयार हवा.

वाऱ्याच्या बाबतीत कोकणची रचना आपल्याला एक सवलत देते. पावसाळी वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, त्यामुळे ड्रोन जाताना वाऱ्याविरुद्ध जातो आणि दमलेली बॅटरी घेऊन येताना वारा त्याला घरी ढकलतो. हिवाळ्यात पहाटे याच्या उलट होते: तेव्हा मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, ड्रोन आत जाताना सुसाट जातो आणि परतताना बॅटरीवर लाल अक्षरे दिसू लागतात. हिवाळ्यातल्या शांत सकाळी ड्रोन समुद्रात गमावले जातात ते यामुळे. अशा वेळी निम्मी बॅटरी उरली असतानाच माघारी फिरावे.

लाटांवर दोन मीटर उंचीवर ड्रोन स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करू नये. खालचे पाणी सरकते, पोटाखालच्या कॅमेऱ्याला वाटते की आपणच सरकतो आहोत आणि तो ते सावरायला लाटेबरोबर वाहू लागतो. किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सर्व अंग पुसावे. मोटरींत मीठ बसले की दोन महिन्यांनी त्या खरखर करू लागतात.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आहे आणि मी तो चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे. २०२१ च्या पुरात आमच्या वाडीचा संपर्क तुटला होता. तशी वेळ पुन्हा आली तर या ड्रोनने दोर किंवा औषधे नेता येतील का? (एक ड्रोन दीदी, चिपळूण तालुका)

उत्तर : ताई, या अंकासाठी आलेला हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. मंडळे आणि हौशी लोक ज्या वजनासाठी धडपडतात ते उचलण्याची ताकद आपल्या ड्रोनमध्ये मुळातच आहे. दहा लिटरची टाकी घेऊन उडणारा ड्रोन टाकी काढल्यावर आठ-दहा किलो सहज नेतो. शिवाय २५ किलोपर्यंतच्या ‘स्मॉल’ वर्गाचे प्रमाणपत्र आपल्याकडे आहे.

अडचणी तीन आहेत. भरल्या वजनाने तो दहा-पंधरा मिनिटेच उडतो. त्याचा कॅमेरा पुढचे जेमतेम दाखवतो, म्हणून पलीकडच्या काठावर खूण करणारा माणूस असला तर बरे. तिसरी अडचण कीटकनाशकाची: ज्या सांगाड्यावर वर्षभर आंब्याची फवारणी झाली त्याला पिण्याचे पाणी किंवा उघडे अन्न टांगू नये. औषधे, बॅटऱ्या, मोबाईल, दोर या वस्तू दुहेरी पिशवीत बांधून, सांगाड्याला न टेकता, दोरीखाली न्याव्यात. टाकीच्या जागी हूक बसवण्यापूर्वी ड्रोन बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे, कारण ड्रोनला मिळालेले प्रकार-प्रमाणपत्र त्याच्या मूळ रचनेसाठी असते.

दोराविषयी थोडे सविस्तर लिहितो. आठ मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रोपिलीनचा दोर शंभर मीटरला साधारण तीन किलो भरतो. आपला ड्रोन तो उचलेल, पण जसजसा तो पलीकडे जाईल तसतसे मागे लोंबणारे वजन वाढत जाईल, आणि दोराचा पोक पुराच्या पाण्याला टेकला की प्रवाह तो ओढू लागेल. त्या ओढीपुढे दहा किलोचाच काय, पन्नास किलोचा ड्रोनही टिकणार नाही. म्हणून आधी मासेमारीचा तंगूस न्यावा. एक मिलिमीटर जाडीचा तंगूस शंभर मीटरला शंभर ग्रॅमही भरत नाही, तो साधा कॅमेऱ्याचा ड्रोनही नेईल. पलीकडच्या माणसांनी तंगूस हातात घेतला की त्याच्या शेपटाला तीन मिलिमीटरची दोरी आणि तिच्या शेपटाला जाड दोर बांधून ओढून घ्यायचा. तंगूस ड्रोनला थेट बांधू नये. मध्ये हिसका बसताच तुटेल असा शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा ठेवावा, म्हणजे तंगूस झाडात अडकला तर दोरा तुटतो आणि ड्रोन वाचतो. रीळ धरणाऱ्याने तंगूस सैल पडू देऊ नये, कारण सैल तंगूस वर उडून पात्यांत गुंततो. नदीवरून जाणाऱ्या विजेच्या तारा कोठे आहेत हे कोरड्या दिवसांतच पाहून कागदावर काढून ठेवा.

दोर पलीकडे गेला म्हणजे लगेच त्याला धरून कोणी पुरात उतरायचे, असा अर्थ मात्र कोणीही घेऊ नये. त्या दोराने सामान न्यावे आणि माणसे नेण्याचे काम प्रशिक्षित पथक आल्यावर व्हावे.

प्रश्न : दरड कोसळल्यावर मातीखालची माणसे शोधणारे रडार ड्रोनला बसवता येते, असे वाचले. आमच्यासारख्या डोंगराखालच्या वाड्यांनी तशी यंत्रणा मागावी का? (एक वाचक, महाड तालुका)

उत्तर : असे रडार आहे. १६ जुलै २०२४ रोजी कर्नाटकातील शिरूर येथे, आपल्याच मुंबई-गोवा महामार्गाच्या म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या पुढच्या पट्ट्यात, दरड कोसळली. तिथे बेपत्ता ट्रकच्या शोधात ड्रोनवरचे रडार वापरले गेले. ट्रक शेवटी २५ सप्टेंबरला गंगावळी नदीच्या पात्रातून निघाला. यावरून अडचण कळते: रडारने जागा सुचवली तरी पूर आणि गाळ यांपुढे माणसांना आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. शिवाय भिजलेली चिकण माती रडारच्या लहरी गिळून टाकते, खारे पाणी तर त्या अजिबात जाऊ देत नाही. आपली पावसाळ्यातली लाल माती आणि आपल्या खाड्या या दोन्ही गोष्टी रडारच्या वैरी आहेत.

तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडी येथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून जे घडले ते आपण जाणता. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, पथके पायी चढली, खराब हवेमुळे हेलिकॉप्टरचा उपयोग झाला नाही आणि चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते व ५७ जण बेपत्ता होते. अशा ठिकाणी पहिला प्रश्न असतो तो घर कुठे होते हा, कारण मातीच्या लोटाने गावाच्या खुणाच पुसलेल्या असतात. म्हणून माझे मत असे, की रडार मागण्याआधी मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनने आपल्या वाडीची वरून, एकमेकांवर चढणारी दोन-तीनशे छायाचित्रे काढून घ्यावीत. संगणकावर त्यांचा मोजमापासह नकाशा होतो. त्यावर प्रत्येक घरात किती माणसे राहतात ते लिहावे आणि त्याची एक प्रत वाडीबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी. दुर्घटनेनंतर पुन्हा छायाचित्रे घेऊन दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले की कोठे खणायचे ते पथकाला पहिल्या तासात सांगता येते. यासाठी ड्रोनला काहीच जोडावे लागत नाही.

त्याखालोखाल उपयोग पहाऱ्याचा. खाली लोक खणत असताना वरच्या कड्याला पडलेली भेग रुंदावते आहे का, हे ड्रोनने दर अर्ध्या तासाला पाहावे. आणि ढिगाऱ्यातून आवाज येतो का हे ऐकण्यासाठी पथकप्रमुख शांततेचा इशारा देईल तेव्हा ड्रोन ताबडतोब जमिनीवर आला पाहिजे. त्याची घरघर म्हणजे हाकेवर पडलेला पडदा.

प्रश्न : परवानग्यांचे काय? कोणाचा जीव धोक्यात असताना नियम कोण पाहतो? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : पाहावे लागतात, आणि तेही आधी. ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार २५० ग्रॅमपर्यंत ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’ आणि २५ किलोपर्यंत ‘स्मॉल’ असे वर्ग आहेत. हे वजन जोडलेल्या वस्तूसह मोजले जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. १ किलो ७०० ग्रॅमच्या ड्रोनला चारशे ग्रॅमची नळी बांधली की तो ‘स्मॉल’ होतो आणि व्यापारी हेतू नसला तरी चालकाकडे प्रमाणपत्र लागते. नॅनो वगळता इतरांना त्रयस्थ व्यक्तीचा विमाही आवश्यक आहे. फुगणाऱ्या नळीतले दाबाखालच्या वायूचे नळकांडे हवाई वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालात मोडते, म्हणून उड्डाणाच्या परवानगीसाठी अर्ज करताना त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावरच्या नकाशात आकाशाची हिरवी, लाल अशी क्षेत्रे आखलेली आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी हवी. अलिबागपासून खाली नौदल, तटरक्षक दल आणि विमानतळ यांची ठिकाणे आहेत, त्यामुळे हा नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नये. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे पावसाळ्यापूर्वी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आपला ड्रोन, चालक आणि जोडसाहित्य यांची लेखी माहिती देणे, म्हणजे गरज पडेल तेव्हा बोलावणे त्यांच्याकडून येते. हेलिकॉप्टरचा आवाज आला की विचार न करता ड्रोन खाली आणावा.

प्रश्न : माझे यजमान आणि दीर होडीवर जातात. वरून शोधणाऱ्याला ती माणसे लवकर दिसावीत म्हणून आम्ही घरच्यांनी काय करावे? (एक भगिनी, बोर्ली परिसर)

उत्तर : आपले यजमान जितके आत जातात तिथवर गावातला छोटा ड्रोन जाणार नाही, नियमांप्रमाणेही तो चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच ठेवावा लागतो. तिथे तटरक्षक दलाचे विमान किंवा हेलिकॉप्टर शोधते. त्यासाठी होडीवर धोक्याचा इशारा देणारा डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर असावा आणि घरातल्या सर्वांना तटरक्षक दलाचा १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक पाठ असावेत. होडी ठरल्या वेळी आली नाही तर ‘येईल संध्याकाळपर्यंत’ म्हणून थांबू नये. प्रत्येक ओहोटीनंतर शोधण्याचे क्षेत्र वाढत जाते. २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा नदीतून वाहत गेलेले मृतदेह दापोली तालुक्यातील आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

घरून करता येण्यासारखे काम रंगाचे आहे. आपल्याकडच्या बहुतेक होड्यांवर निळी ताडपत्री असते, आणि वरून पाहताना समुद्रावर सर्वांत आधी हरवणारा रंग निळाच. टपावर निदान दोन मीटर लांब-रुंद नारिंगी कापड ताणून बांधा. खलाशांचे काळे आणि निळे टी-शर्ट बदलून नारिंगी किंवा पोपटी-पिवळे द्या. जीवरक्षक जाकिटांच्या खांद्यांवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी शिवा. छातीवर शिवलेली पट्टी पाण्यात बुडते, खांद्यावरची वर राहते. खिशात दोरीला बांधलेला छोटा आरसा आणि शिट्टी असू द्या. वर ड्रोन किंवा हेलिकॉप्टर दिसले तर दोन्ही हात एकदम न हलवता एक हात आधारावर ठेवून दुसरा हलवायचा, एवढे मात्र यजमानांना आणि दिरांना आजच सांगून ठेवा.